आकाशालाही वेस असते

मित्रांनो, गावाला वेस असते हे तुम्हांला माहीत आहे. शेताला बांध असतो, घराला उंबरठा असतो. पण आकाशाला वेस असते, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. मीसुद्धा हसले असते. चौथीच्या वर्गाला इतकी वर्षं शिकवते आहे, आकाश निळं का दिसतं ते फळ्यावर चित्र काढून सांगते, पण त्याला वेस असते हे मला कळलं ते यंदाच्या संक्रांतीला. तेही आमच्या भाचेरावांमुळे!

भाचेराव आठवीत आहेत. बहिणीचं बिऱ्हाड नवी मुंबईत, बेलापूरला. या पोराने दोन वर्षं वाढदिवसाचे, दिवाळीचे, आजोबांनी हातात ठेवलेले असे सगळे पैसे डब्यात साठवले आणि एक ड्रोन विकत घेतला. तळहातावर मावेल एवढा, चार पंख्यांचा, पोटाखाली इवलासा कॅमेरा. संक्रांतीच्या सकाळी मी तिळगूळ घेऊन गेले, तर स्वारी सोसायटीच्या आवारात यंत्र उडवण्याच्या तयारीत. आजूबाजूच्या गच्च्यांवर पतंग चढले होते. "मावशी, पतंगापेक्षा उंच जातो बघ!" असं म्हणेपर्यंत ड्रोन वर गेलासुद्धा.

खाडीवरून वारा आला आणि यंत्र भरकटलं. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक आजी गॅलरीत उन्हाला बसल्या होत्या. त्यांच्या तोंडासमोर जाऊन ते घोंगावत उभं राहिलं. आजी घाबरून उठल्या, मांडीवरचा तिळाचा डबा खाली पडला, तीळ सगळ्या गॅलरीभर! संध्याकाळी आजींचा मुलगा तक्रार घेऊन आला. "उद्या माझी आई पडली असती म्हणजे?" मेहुण्यांनी माफी मागितली आणि ड्रोन कपाटात घालून किल्ली खिशात टाकली.

भाचेराव जेवले नाहीत. रात्री मला म्हणाले, "मावशी, रस्त्याला मालक असतो, मैदानाला असतो. पण आकाश काय कुणाच्या बापाचं आहे?"

प्रश्न रागाचा होता, पण चांगला होता. मी म्हटलं, "चल, शोधू या. ड्रोन कपाटातच राहू दे. आधी आकाश बघून येऊ."

पारसिकच्या टेकडीवरून

निघण्यापूर्वी मी एक काम केलं. 'डिजिटल स्काय' नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे. त्यावर साऱ्या देशाच्या आकाशाचा नकाशा आहे, आणि तो सिग्नलसारखा तीन रंगांत रंगवलेला आहे. हिरव्या भागात ड्रोन उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाते हलवायचे नाही. हे सगळं २५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेल्या ड्रोन नियमांत लिहिलेलं आहे. भाचेरावांनी नकाशावर बेलापूर शोधलं. हिरव्याचा पत्ता नव्हता!

"असं का?"

"वर जाऊन बघ," मी म्हटलं.

बेलापूरमागची पारसिकची टेकडी तुम्ही कधी पाहिली आहे का? रिक्षा वरपर्यंत जाते. वरून एका बाजूला गावठाण, स्टेशन, महापालिकेचं पांढरं शुभ्र मुख्यालय आणि त्यापुढचा उंच तिरंगा. दुसऱ्या बाजूला पनवेलची खाडी, हिरवीगर्द खारफुटी, आणि खाडीपलीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर वाटावा असा, नवी मुंबईचा विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं येऊ-जाऊ लागली. धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. म्हणजे शाळेच्या मैदानावरच्या शंभर मीटरच्या शर्यती एकापुढे एक अशा सदतीस मांडायच्या!

आम्ही कठड्याशी उभे होतो. एक विमान खाली येत होतं. आधी ठिपका, मग घारीएवढं, मग पोट, चाकं, खिडक्या. भाचा श्वास रोखून बघत होता.

"आता सांग. हे इतकं खाली आलंय. वैमानिकाचं सगळं लक्ष धावपट्टीवर. अशा वेळी तुझं तळहाताएवढं यंत्र समोर आलं तर त्याला ते दिसेल?"

तो काही बोलला नाही.

मग मी त्याला लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाची गोष्ट सांगितली. डिसेंबर २०१८, नाताळच्या आधीचे दिवस. धावपट्टीजवळ ड्रोन दिसल्याच्या बातमीने विमानतळ बंद करावा लागला. सुमारे हजार उड्डाणांची वाट लागली आणि एक लाख चाळीस हजारांच्या आसपास प्रवासी अडकून पडले. नियम या भीतीतून जन्माला आले आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर, म्हणजे साधारण वीस मजले, एवढीच उंची हिरवी धरतात. त्याच्यावर पिवळा. आणखी आत आलात तर जमिनीपासूनच परवानगीची गोष्ट सुरू होते. विमानतळापासून दूर, जिथे नकाशा हिरवा आहे तिथेही मर्यादा १२० मीटरची. चाळीस मजली इमारत डोळ्यांसमोर आणा, तेवढीच.

"म्हणजे मी संक्रांतीला..." भाचा अडखळला.

"नियम मोडलास. न कळत, पण मोडलास. आणि तुझ्याबरोबर मीही. मोठी असून मी आधी नकाशा पाहिला नाही."

ऐरोलीची खाडी

पुढच्या रविवारी आम्ही ठाण्याची लोकल पकडून ऐरोलीला उतरलो. तिथे खाडीकाठी वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. भरतीची वेळ पाहून तिथून होडी सुटते आणि खारफुटीतून वाट काढत आपल्याला रोहित पक्ष्यांजवळ नेते. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांपैकी एक असल्याचा मान मिळाला.

होडीचं इंजिन बंद झालं आणि समोर चिखलावर गुलाबी सतरंजी अंथरलेली दिसली. सतरंजी हलत होती! हजारो रोहित माना खाली घालून, चोच उलटी धरून, चिखलातलं शेवाळ गाळून खात होते. त्यांचा गुलाबी रंग याच खाण्यातून येतो.

भाचा हळूच म्हणाला, "मावशी, वरून फोटो काय भारी येईल!"

होडीवाल्या दादांनी ऐकलं. म्हणाले, "वरून काही आलं की यांना शिकारी पक्षीच वाटतो. सगळा थवा उठतो. तासभर पोट भरायचं सोडून नुसता उडत राहतो."

ही नुसती भीती नाही, बरं का. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एक ड्रोन सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत कोसळला. हजारो पक्षी घाबरून उडाले आणि परत आलेच नाहीत. दीड हजारांच्या आसपास अंडी वाळूत तशीच पडून राहिली. एक पिढीच्या पिढी गेली. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून ड्रोन उडवायचा नाही तो यासाठी.

आणि आकाशातली टक्कर किती वाईट असते, ते आपल्या खाडीनेही पाहिलं आहे. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ उतरायला निघालेल्या एका विमानाला रोहितांचा थवा धडकला. विमान सुखरूप उतरलं, पण सकाळी वस्तीत ३९ रोहित मरून पडलेले सापडले.

भाचा परतीच्या लोकलमध्ये बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे आकाश पक्ष्यांचं आहे."

"पक्ष्यांचं आहे. विमानांचंही आहे. आणखी कुणाचं, ते बघायचंय अजून."

वाण्याचा काटा

दरम्यान एक गंमत झाली. नियमांत ड्रोनचे पाच वर्ग आहेत, वजनावरून. २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो. त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो, पंचवीस किलोपर्यंत स्मॉल, दीडशे किलोपर्यंत मीडियम, आणि त्याहून जड तो लार्ज. नॅनो उडवायला आणि मायक्रो हौसेखातर उडवायला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून मोठ्यासाठी, किंवा धंद्यासाठी मायक्रो उडवायचा तर, रीतसर प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्याला वय किमान १८ आणि दहावी पास हवं.

"आपला नॅनोच!" भाचा ठामपणे म्हणाला. मेहुण्यांनी कपाट उघडलं आणि यंत्र कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवलं. २४६ ग्रॅम. वाणीबुवाही खूश! पण पंख्यांभोवतीची संरक्षक कडी बसवल्यावर काटा २६३ वर गेला. झालं, नॅनोचा मायक्रो झाला! कारण वजन मोजायचं ते उडताना जे जे अंगावर असेल त्या सगळ्यासकट. आणि वर्ग बदलला की नोंदणीचे, ओळख क्रमांकाचे नियमही बघावे लागतात. भाचेरावांनी निमूटपणे कडी काढून डब्यात ठेवली.

"मग पंखे उघडे राहिले. आता माणसांपासून दुप्पट लांब उडवायचं," मेहुणे म्हणाले. हा नियम पुस्तकातला नव्हे, त्यांचा स्वतःचा. पण मला पटला.

कर्जतच्या शेतावर

२६ जानेवारीच्या आसपास आम्ही काहीच केलं नाही. अशा दिवसांत पोलीस पुष्कळदा ड्रोनवर बंदीचे आदेश काढतात. शिवाय नियमांप्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या वरच्या दर्जाचे अधिकारी एखाद्या भागाचं आकाश एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरतं लाल ठरवू शकतात. म्हणजे काल हिरवा होता म्हणून आज हिरवाच असेल असं नाही. दर वेळी उडवण्याआधी नकाशा बघायचा.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ठाण्याहून कर्जत लोकल धरली. कल्याण, बदलापूर, वांगणी मागे पडली. नेरळ आलं तसा उजव्या हाताला माथेरानचा डोंगर उभा राहिला. कर्जतपुढच्या एका खेड्यात मेहुण्यांच्या मामांची शेती आहे. भात कापून झाला होता आणि त्याच वावरात वालाच्या शेंगा धरल्या होत्या. मामांनी आमच्यासाठी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. त्या वासाने ड्रोनचा विसर पडावा!

पण भाचेरावांना विसर पडला नव्हता. नकाशा पाहिला, हिरवा. मामांची परवानगी घेतली. वारा बघायला मूठभर माती वर उडवली, ती जवळजवळ सरळ खाली पडली. बॅटरी भरलेली. मग यंत्र बांधावर ठेवलं.

मित्रांनो, ड्रोन या इंग्रजी शब्दाचा अर्थ नर मधमाशी. आवाज ऐकलात की नाव का पडलं ते कळतं. चार पंख्यांपैकी समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन एका दिशेने फिरतात, उरलेले दोन उलट दिशेने. नाहीतर यंत्र स्वतःभोवती भोवऱ्यासारखं फिरत बसेल. पुढे जायचं तर मागचे पंखे जोरात फिरतात आणि यंत्र किंचित पुढे झुकतं. मान वाकवून पळणाऱ्या पोरासारखं!

ड्रोन वर गेला. फोनच्या पडद्यावर शेत दिसू लागलं. मामा चष्मा पुसून बघायला आले. सत्तर वर्षं ज्या जमिनीवर चालले, ती त्यांनी पहिल्यांदा वरून पाहिली. "अरे, हा बांध वाकडा आहे!" ते ओरडले आणि सगळे हसलो. मग म्हणाले, गावठाणाची मोजणीसुद्धा आता अशाच यंत्राने करतात. खरं आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून लोकांना त्यांच्या घरांचे कागद देतात. कितीतरी ठिकाणी पिकांवर फवारणीही ड्रोनने होते.

नदीकडे दोन बाया धुणं धूत होत्या. भाच्याने त्या बाजूला यंत्र नेलं नाही. मी काही सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने एक घार आली आणि यंत्राभोवती घिरट्या घालू लागली. बॅटरी अजून अर्धी शिल्लक होती, पण त्याने यंत्र सरळ खाली उतरवलं.

"का रे?"

"तिचा रस्ता आहे तो," भाचेराव म्हणाले.

पोपटी खाताना त्याने वहीत नियम लिहिले. त्याच्याच शब्दांत देते. तुमच्याकडे असं यंत्र असेल तर उतरवून घ्या:

१. उडवण्याआधी दर वेळी नकाशा बघायचा. हिरवा नसेल तर घरी बसायचं.
२. हिरव्यातही १२० मीटरच्या वर नाही. विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरच्या वर नाही.
३. वजन सगळं बसवून मोजायचं.
४. विमान, हेलिकॉप्टर दिसलं की आपण खाली. रस्ता त्यांचा.
५. यंत्र डोळ्यांनी दिसेल एवढंच लांब न्यायचं. गर्दीवर न्यायचं नाही.
६. कुणाच्या खिडकीत, गॅलरीत, अंगणात कॅमेरा न्यायचा नाही. जागा दुसऱ्याची असेल तर विचारायचं.
७. मोठं माणूस बरोबर हवं.
८. अपघात झाला तर लपवायचा नाही. ४८ तासांत कळवायचा. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

चौथ्या मजल्यावरच्या आजी

एक गोष्ट राहिली होती. आजींची माफी मेहुण्यांनी मागितली होती, भाच्याने नाही. कर्जतहून आणलेल्या वालाच्या शेंगा घेऊन आम्ही दोघं चौथ्या मजल्यावर गेलो. तो दारातच म्हणाला, "आजी, चुकलं माझं. मी पुन्हा इकडे उडवणार नाही."

आजींनी त्याला जवळ बसवलं. त्या मूळच्या आगरी. विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांपैकी एका गावच्या. उलव्याची नव्वदेक मीटर उंचीची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, भराव घातला, आणि त्या भरावाखाली त्यांचं अंगण गेलं. शेंगा निवडता निवडता त्या सांगत होत्या. मग एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरा, तुजा यंत्र तिकडं जाईल काय रं? आमचा घर होता ना, ती जागा माना येकदा वरून बघायची हाय."

मी भाच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. आजींना खूश करायची यापेक्षा चांगली संधी कुठली? आणि यंत्र तर समोरच्याच इमारतीत होतं.

"आजी, तिथे नाही नेता येत," तो हळूच म्हणाला. "तिथे विमानं उतरतात. माणसं असतात आत."

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. "बराबर हाय," म्हणाल्या.

मलाही पुढे काय बोलावं कळेना. तेवढ्यात भाचा म्हणाला, "पण पारसिकच्या टेकडीवरून दिसेल. रिक्षा वरपर्यंत जाते. याल?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं टेकडीवर होतो. आजींनी पदर डोक्यावरून घेतला, कठड्याला हात टेकला आणि खाडीपलीकडे बराच वेळ पाहिलं. टेकडी नाही, नदी जुन्या जागी नाही. खूण तरी कशाची शोधणार? पण खाडीचं एक वळण त्यांना सापडलं. तिथून बोट सरकवत सरकवत त्यांनी भाच्याला दाखवलं: इथे होड्या लागायच्या, इथे देऊळ, इथे विहीर, इथे आमचं दार.

एक विमान धावपट्टीवरून उठलं आणि बरोबर त्या बोटाच्या टोकावरून वर गेलं. आजींनी मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

ड्रोन त्या दिवशी आम्ही घरीच ठेवला होता. भाच्याने खिशातली वही काढली आणि आजी सांगतील तसं त्यांच्या गावाचं चित्र काढायला बसला. वरून दिसेल तसं.